प्रयोगवहीतली मोकळी ओळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. दहावीची तुकडी, मार्च १९८३)

आदरणीय गुरुजन, आणि सकाळपासून एकमेकांना टकलावरून आणि चष्म्यावरून ओळखायचा प्रयत्न करणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

‘शाळेनं मला काय दिलं’ या विषयावर प्रत्येकानं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलं आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी शिस्त, संस्कार, पाढे आणि छडी हे सगळं सांगून झालंय. माझ्यासाठी फार काही उरलेलं नाही. म्हणून मी कपडे धुण्याच्या एका जुन्या मशीनबद्दल बोलणार आहे. हसू नका. या मशीनचा आपल्या शाळेशी थेट संबंध आहे, आणि तो कसा ते सांगायलाच मी उभा आहे.

आपली विज्ञानाची प्रयोगवही आठवते? खाकी कव्हर, उजव्या पानावर मजकूर, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीची आकृती. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सर आज पुढच्याच रांगेत बसले आहेत. त्यांचा एक नियम होता, निरीक्षण आणि अनुमान यांच्यामध्ये एक ओळ मोकळी सोडायची. ज्यानं सोडली नाही त्याची वही परत. आपल्याला वाटायचं, सरांना नीटनेटकेपणाची हौस आहे. सर म्हणायचे, “डोळ्यांना काय दिसलं ते वर लिहा. डोक्याला काय वाटलं ते खाली लिहा. दोन्ही एकात एक मिसळू नका.” ही एक ओळ मला पन्नाशी उलटल्यावर उपयोगी पडली.

आमच्या घरचं मशीन १९९९ सालचं. सेमी-ऑटोमॅटिक, दोन टबांचं. एकीकडे धुवायचं, दुसरीकडे पिळायचं. ते आईनं घेतलेलं. आई घरी कांड्या भरायची हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, कारण तुमच्याही घरी तेच चालायचं. वडील मागावर जॉबर होते. त्यांच्या पगारातून घर चालायचं आणि कांड्यांचे पैसे आईच्या डब्यात जायचे. त्या डब्यातून साडेसहा हजार रुपये काढून तिनं ते मशीन आणलं. त्याआधी तिनं आयुष्यभर कपडे हातानं धुतले होते, पंचगंगेच्या घाटावर आणि नंतर मोरीत. पहिल्या दिवशी मशीन चालू झाल्यावर ती स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसून राहिली होती. हान्स रोसलिंग नावाचे एक स्वीडिश डॉक्टर होते, आकडेवारी सोप्या भाषेत सांगणारे. त्यांचं २०१० सालचं एक भाषण वॉशिंग मशीनवरच आहे. त्यांच्या घरी पहिलं मशीन आलं तेव्हा त्यांची आजीही अशीच समोर बसून राहिली होती, असं ते सांगतात. म्हणजे स्वीडन असो की इचलकरंजी, ज्या हातांनी धुतलंय त्या हातांना त्याची किंमत कळते.

आता २०२३ च्या जुलैवर येतो. आईचं वय ८३. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, ती अंथरुणाला खिळलेली. ज्यांनी घरी असं माणूस सांभाळलंय त्यांना सांगायला नको की दिवसाला तीन-चार चादरी, दुपटी, गाऊन धुवायला निघतात. बाहेर पाऊस. आणि अशात मशीन बंद पडलं. बटण फिरवलं की ‘गुंऽऽ’ असा आवाज यायचा, पण चकती जागची हलायची नाही.

मी कंपनीला फोन केला. एक तरुण मुलगा आला. कंपनीचं नाव घेत नाही आणि त्या मुलालाही दोष देत नाही, दिवसात त्याला दहा घरं करायची होती. त्यानं बटण फिरवलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, “काका, मॉडेल बंद झालंय. पार्ट येत नाहीत. संपलं हे मशीन, भंगारात द्या.” भेटीचे पैसे घेतले, नव्या मशीनचं माहितीपत्रक ठेवलं आणि गेला. मागचं झाकण त्यानं उघडलंसुद्धा नव्हतं.

नवीन मशीन घ्यायला हरकत नव्हती. कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी झाली, तेवढी ऐपत आहे. पण पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला नळाचं पाणी सतत दाबानं लागतं, आणि आपल्या गावात नळाला पाणी कधी येतं हा विषय मी या मंगल प्रसंगी काढत नाही. या जुन्या मशीनला बादलीनं पाणी घालता येतं. एकाच पाण्यात आधी कमी मळलेलं, मग जास्त मळलेलं धुता येतं. आमच्या घराला सोसणारं मशीन तेच होतं.

आणि एक गोष्ट झाली. मशीन बंद पडल्याच्या तिसऱ्या दिवशी बायको मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात म्हणाली, “आईंच्या उशाशी ठेवलेला तांब्या दोन दिवस तसाच भरलेला आहे. त्या पाणी पीत नाहीत.” तिनं आईला विचारलं होतं. आधी आई म्हणाली, तहान नाही. मग म्हणाली, “चादरी हातानं धुतेस गं तू. माझ्यामुळं मशीन गेलं. जेवढं कमी पिईन तेवढं तुझं धुणं कमी.”

मित्रांनो, ८३ वर्षांची बाई, जिनं आयुष्यभर साऱ्या घराचं धुणं धुतलं, ती चादर ओली होऊ नये म्हणून पाणी प्यायची बंद झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी कमी पडलं तर लघवीचा संसर्ग होईल, गुंगी येईल. त्या दिवसापासून मशीनची दुरुस्ती हे आमच्या घरी औषधपाण्याइतकं निकडीचं काम झालं.

संध्याकाळी मी आपल्या वर्गातल्या एका मित्राकडे गेलो. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेवटच्या बाकावर बसायचा, गणितात दोनदा अडकला, पुढं आयटीआय केलं. तो आज इथं बसलाय आणि त्यानं मला बजावलंय की नाव घेतलंस तर उठून जाईन, म्हणून घेत नाही. मी त्याला म्हणालो, मशीन संपलं म्हणतात. तो म्हणाला, “आवाज येतोय न्हवं? मग संपलं कसं? आवाज येतोय म्हंजे करंट मोटारीपर्यंत जातोय. आता फिरत का न्हाई तेवढंच बघायचं.”

मला तिथंच सरांची मोकळी ओळ आठवली. ‘गुंगतं पण फिरत नाही’ हे निरीक्षण. ‘संपलं’ हे अनुमान. मधली ओळ कुणी सोडलीच नव्हती.

पुढचं सगळं मी प्रयोगवहीसारखं सांगतो. कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असं एखादं मशीन, पंखा किंवा मिक्सर बंद अवस्थेत माळ्यावर पडलेला असणार.

कृतीची पहिली पायरी, प्लग काढणं. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. पाणी काढून टाकायचं, फरशी कोरडी करायची, पायात रबरी चप्पल. मग वरून चकतीला हात घालून फिरवून पाहायचं. हातानं फिरली तर खाली काही अडकलेलं नाही. चकतीखाली नाणी, सेफ्टी पिना, लहान मुलांचे मोजे सापडतात, आणि त्यामुळंही मोटार गुंगत उभी राहते. आमची चकती मोकळी फिरत होती.

दुसरी पायरी, मागचं झाकण. सहा स्क्रू. आत मोटारीची पुली आणि चकतीच्या गिअरची पुली यांना जोडणारा एक पट्टा असतो. आमच्या पट्ट्याला आतल्या बाजूनं बारीक तडे गेले होते, पण तो तुटलेला किंवा घसरणारा नव्हता. पट्टा उतरवून नुसती मोटार हातानं फिरवली. ती लोण्यासारखी फिरली. म्हणजे बेअरिंग जाम नाही.

राहिला कंडेन्सर. आपल्या पुस्तकात त्याला धारित्र म्हणायचे. इथं मला थोडं विज्ञान सांगू द्या. सर आहेत, चुकलं तर थांबवतील.

आपलं गाव मागांचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, आणि आपण त्या खटखटाटातच अभ्यास केला. मागाच्या मोटारीला तीन फेज असतात. तीन तारांमधली वीज एकामागून एक चढते-उतरते, त्यामुळं मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरतं आणि मधला रोटर त्याच्यामागं धावतो. फिरत्या क्षेत्राची ही कल्पना इटलीचे गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे काढली. १८८८ साली फेरारिस यांनी ती प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी टेस्ला यांना पेटंट मिळालं. पण घरात असते एकच फेज. एका फेजचं क्षेत्र नुसतं पुढं-मागं होतं, गोल फिरत नाही. डावीकडे वळावं की उजवीकडे हे रोटरला कळत नाही, आणि तो जागच्या जागी थरथरत राहतो. तोच तो ‘गुंऽऽ’ आवाज. यावर उपाय म्हणून मोटारीत तारेची दुसरी गुंडाळी असते आणि तिच्या वाटेत कंडेन्सर बसवतात. कंडेन्सरमुळं या दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह पहिल्याच्या थोडा आधी चढतो. दोन प्रवाह मागं-पुढं झाले की क्षेत्र फिरायला लागतं. धुताना चकती एकदा इकडं आणि एकदा तिकडं फिरते, तेही टायमर कंडेन्सर कधी या आणि कधी त्या गुंडाळीला जोडतो म्हणून.

हे तुम्ही सगळ्यांनी घरी पाहिलेलं आहे. छताचा पंखा बटण दाबल्यावर गुणगुणतो, फिरत नाही, किंवा कितीही वाढवला तरी रेंगाळतो. त्यातला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गेलेला असतो आणि आपण म्हणतो, पंखा जुना झाला.

तर कंडेन्सर. त्याला हात लावण्याआधी एक इशारा. प्लग काढला तरी त्यात वीज साठलेली असू शकते. माझ्या मित्रानं होल्डरला जोडलेल्या साध्या बल्बच्या दोन तारा त्याच्या टोकांना लावून ती आधी उतरवली. मग तारा सुट्या केल्या आणि मीटर लावला. कंडेन्सरवर छापलेलं होतं १० मायक्रोफॅरड. मीटर दाखवत होता ३. आत प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा बारीक थर असतो. वर्षानुवर्षांत कुठं ना कुठं सूक्ष्म भोक पडतं, तिथला धातू जळून भोक बुजतं आणि कंडेन्सर चालू राहतो. पण प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो, म्हणजे थोडी ताकद कमी होते. २४ वर्षं तो असाच झिजत, स्वतःला सावरत चालला होता.

निरीक्षण, छापील १०, प्रत्यक्ष ३. ओळ मोकळी. अनुमान, कंडेन्सर बदलावा.

कंपनीकडे पार्ट नव्हता हे खरं. पण कंडेन्सरला कंपनी लागत नाही. तेवढेच मायक्रोफॅरड आणि तेवढेच किंवा जास्त व्होल्ट, ४४० व्होल्ट एसी, एवढं जुळलं की झालं. दीडशे रुपयांना मिळाला. पट्ट्यावर त्याचा नंबर छापलेला असतो. जुना पट्टा नेऊन दाखवला, एकशे ऐंशी रुपये. पिळायच्या टबाखाली दांड्याभोवती एक रबराची घडीघडीची टोपी असते, तिच्यातून पाणी झिरपून खालच्या मोटारीवर ठिबकत होतं. हे माझ्या लक्षातही आलं नसतं, पण मित्रानं मोटारीवरचा पांढरा साबणाचा डाग पाहून ओळखलं. ती रबरी टोपी एकशे वीस. एकूण साडेचारशे रुपये. मजुरी विचारली तर म्हणाला, “काकूंनी माझ्या किती शर्टांची बटणं लावल्यात, त्याचा आधी हिशेब कर. हिशेब खात्यात होतास न्हवं?”

रात्री नऊ वाजता प्लग लावला. चकती फिरली. इकडं, थांबली, मग तिकडं. खोलीतून आईचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण बायको पाण्याचा पेला घेऊन गेली आणि तो रिकामा घेऊन परत आली.

त्यानंतर आई चौदा महिने होती. त्या चौदा महिन्यांत मशीन एक दिवस थांबलं नाही. अजून चालू आहे.

मी हे सगळं का सांगितलं? नवीन वस्तू घेऊच नये असं मला म्हणायचं नाही. कधीकधी वस्तू खरोखर संपते. मोटारीची गुंडाळी जळाली, टबाचा सांगाडा गंजून गेला, तर नवीनच घ्यावं, आणि जुनं कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्यावं. वॉशिंग मशीन आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांत येतं. पण ‘संपली’ हा शब्द झाकण उघडल्यानंतर उच्चारावा, आधी नाही. जगही आता हेच म्हणायला लागलंय. युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीन बनवणाऱ्यांना ठराविक सुटे भाग किमान दहा वर्षं पुरवावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. हक्क मिळतोय ही चांगली गोष्ट आहे. पण हक्क वापरायला हात लागतात, आणि हात तयार होतात शाळेत.

आमचे वडील चालू मागाशेजारी कानावर हात ठेवून उभे राहायचे. धोट्याच्या आवाजावरून कुठं बिघडलंय ते सांगायचे. मी विचारायचो, “दादा, उघडून का बघत नाही?” ते म्हणायचे, “आधी त्याचं ऐकून घे.” सर जे वहीत लिहून घ्यायचे तेच वडील मागावर करायचे. दोघं कधी भेटले असतील तर फक्त पालकसभेत, माझ्या मार्कांमुळं.

आणि आणखी एक, जरा अवघड आहे तरी सांगतो. आपल्या वर्गात आपणही काही जणांबद्दल अनुमान आधी लिहून टाकलं होतं. शेवटच्या बाकावरचे, दोनदा अडकलेले. त्यांच्या वहीत निरीक्षणाची जागा कुणी भरलीच नाही. आज या गावातल्या कित्येक मोटारी त्यांच्यातल्या एकाच्या हातांवर फिरतात.

म्हणून या मेळाव्यापुढं माझा एक प्रस्ताव आहे. स्मरणिका निघेल, फोटो निघतील, भिंतीवर संगमरवरी पाटी लागेल. त्याबरोबर आणखी एक करू या. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिने पोस्टमा नावाच्या एका पत्रकार बाईंनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. लोक बंद वस्तू घेऊन येतात, जाणकार माणसं फुकट मदत करतात, दुरुस्ती एकत्र बसून होते. आता जगात अनेक देशांत ते चालतं. आपण आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत महिन्यातून एक शनिवार ‘दुरुस्तीचा तास’ घेऊ. गावकऱ्यांनी पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणाव्यात. आठवी-नववीच्या मुला-मुलींनी आपल्या देखरेखीखाली, प्लग काढून, झाकण उघडावं आणि वहीत लिहावं, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. मग एक ओळ मोकळी. मग अनुमान. मुख्याध्यापक बाईंशी बोललो आहे. त्या म्हणाल्या, टेबलं आहेत, माणसं तुम्ही आणा. दोन मीटर आणि हत्यारांची एक पेटी मी देतो.

आपण सगळे साठीच्या उंबरठ्यावर आहोत. आपलेही पट्टे सैल झालेत, कंडेन्सर दहाचा तीनवर आलाय. पण आवाज येतोय ना? मग माळ्यावर जाऊन बसायची घाई नको.

नावं देण्यासाठी एक वही दाराशी ठेवली आहे, खाकी कव्हरचीच आणली आहे. त्यात पहिलं नाव शेवटच्या बाकावरून आलेलं आहे. अक्षर अजून तसंच आहे, सर, पण यावेळी वही परत करू नका.